बांगड्याबरोबर रेड वाइन घेतली आणि तोंड तुरट झालं. वाइनची गोडी लावून घ्यायची तर सुरुवात कुठून करू?

तुमची जीभ अगदी बरोबर सांगतेय. काजूचं बोंडू खाल्लं की जीभ जशी ओढली जाते, तोच तुरटपणा रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतो. त्याला टॅनिन म्हणतात. त्यात बांगडा तेलकट. वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात गंजासारखी चव रेंगाळते.

म्हणून आपल्या किनाऱ्यावर सुरुवात व्हाइटने करा. नाशिककडची शेनिन ब्लांक, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन, बहुतेकदा किंचित गोडसर असते. सॉव्हिन्यों ब्लांक जास्त आंबट, तळलेल्या सुरमईवर लिंबू पिळल्यासारखं काम करते. बाटली दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा, ८ ते १० अंशांवर ती छान लागते. ग्लास एक तृतीयांशच भरा, गोल फिरवा, आधी वास घ्या. मला पहिल्यांदा त्यात पेरू ओळखता आला तेव्हा केवढा आनंद झाला होता! पुस्तकी शब्द शोधत बसू नका. कैरी, पेरू, ओलं गवत, जे आठवेल ते वहीत टिपा. दोन वाइन शेजारी ठेवून चाखल्या तर फरक लवकर कळतो.

तिखट मालवणी रश्श्याबरोबर मात्र नकोच, अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं. रेडकडे नंतर वळा, सुक्या मटणाबरोबर.