चारचारदा समजावूनही धाकट्या भावाच्या डोक्यात शिरत नाही, काय करू?

'डोक्यात शिरत नाही' वाचलं आणि माझंच डोकं फिरलं, म्हणून लिहितेय.

मी इंदूरच्या रामबागेतली. काका पाणीपुरवठ्यात नोकरीला. 1978 साली जलूदहून नर्मदेचं पाणी शहरात आलं, तेव्हापासून ते जगातली प्रत्येक गोष्ट नळानेच समजावत. दहावीत मला वीज शिकवताना म्हणाले, "करंट म्हणजे पाणी, तार म्हणजे पाइप." मग विचारलं, एकामागे एक दोन सारखेच बल्ब जोडले तर? मी म्हटलं, दुसरा मंद जळेल. आमच्या गल्लीत पुढची घरं मोटर लावून पाणी ओढायची, शेवटच्या आमच्या घरी करंगळीएवढी धार. पाणी वाटेत संपतं हे मला काकांपेक्षा जास्त ठाऊक, बादल्या मीच भरायचे! काका म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी." पुढे कित्येक वर्षं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हा किस्सा.

घडा पालथा नव्हता हो. त्यांनीच दिलेली उपमा मी शेवटच्या घरापर्यंत नेली. दोन्ही बल्बांतून करंट तेवढाच जातो, दोन्ही सारखेच जळतात. हे मला कळलं मैत्रिणीच्या भावाने सायकल उलटी करून पेडल फिरवलं तेव्हा. चेन पुढे-मागे सारख्याच वेगाने सरकते, वाटेत संपत नाही. खर्च होते ती पायांची मेहनत.

मायकेल रेडी नावाच्या अभ्यासकाने 1979 साली इंग्रजीबद्दल हेच दाखवलं: लोक असं बोलतात जणू अर्थ शब्दांत भरून पाठवायचा आणि समोरच्याने तो काढून घ्यायचा. आपलंही तेच. डोक्यात भरवणं, गळी उतरवणं. इथल्या हिंदीत 'पल्ले नहीं पड़ा', म्हणजे पदर पसरायचा तोही ऐकणाऱ्यानेच. पण मराठीत अर्थ 'लागतो' सुद्धा. झोप लागते, ठेच लागते, तसा. ज्याची त्यालाच.

तेव्हा पाचव्यांदा समजावू नका. भावालाच सांगायला लावा, त्याच्या मनात काय चित्र आहे. खोट बहुधा तुमच्या उपमेत निघेल. (औषधाच्या वेळा सांगायच्या असतील तर नळासारखं सरळ ओतणं चालतं, तिथे चित्रं काढत बसू नये. आणि चेनही सगळीकडे पुरत नाही. बल्ब समांतर जोडले की पाण्याचीच उपमा बरी.)

गेल्या दिवाळीला मी टॉर्चचे दोन बल्ब आणि सेल घेऊन काकांकडे गेले. फराळाच्या ताटाशेजारी जोडून दाखवले. काकांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दुसरा जरा मंदच आहे."