भिंतीच्या फटीतून डिंकासारखी नळी आणि तिच्यातून ये-जा करणाऱ्या बारीक काळ्या माश्या : ही मधमाशी आहे का? डसेल का?

हो, मधमाशीच आहे, आणि डसणार नाही. वर्णनावरून ही बिननांगीची मधमाशी, म्हणजे शास्त्रीय नावाने टेट्रागोन्युला. पुष्कळ जण अजून तिला जुन्या नावाने ट्रायगोना म्हणतात.

खरी ओळख त्या नळीतच आहे. मेण आणि झाडांचा चीक मिसळून ती बांधतात. तोंडाशी पहारेकरी माश्या डोकी बाहेर काढून बसलेल्या दिसतील. माशी जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर, काळी, पंखांवर उन्हात इंद्रधनुषी झाक. मागच्या पायांवर परागाचे गोळे दिसले की शंका उरत नाही. फुलोरी माशीशी गल्लत करू नका; ती हिच्या दुपटीने मोठी, पोट तांबूस नि पट्टेदार, आणि तिचं एकच पोळं उघड्यावर फांदीला लटकतं.

आत षटकोनी घरांचं पोळं नसतंच. मध मेण-चिकाच्या छोट्या बुधल्यांत साठवतात, तोही थोडासाच, चवीला आंबटगोड.

नांगी खुंटलेली असल्यामुळे डंख नाही, पण घर उचकलंत तर केसांत शिरून चावे घेतात. (अनुभव आहे, दिवसभर डोकं खाजवत होतो.)

भारतात सर्रास सांगितली जाणारी हिची जात टेट्रागोन्युला इरिडिपेनिस. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्मिथने १८५४ मध्ये श्रीलंकेतल्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं. पण जवळच्या जाती इतक्या सारख्या दिसतात की फोटोवरून नेमकी जात मी तरी सांगणार नाही.

फट सिमेंटने बुजवू नका. परसातल्या भाजीपाल्याचं परागीभवन फुकटात होतंय.