भूल दिलेल्याला बधिर म्हणू नका

प्रश्न असा आला आहे: शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या मेंदूवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राविषयी लिहिताना 'बधिरतेची खोली' म्हणावे की 'भुलीची पातळी'?

'बधिरता' नकोच. दाढ काढताना हिरडी बधिर करतात, तिथे तो शब्द चपखल आहे. पण अख्खा माणूस भुलीखाली असताना 'रुग्णाला बधिर केले' असे छापणाऱ्यांचे काय करावे? बधिर म्हणजे मुळात ऐकू न येणारा. आपला 'बहिरा' त्यातूनच झिजून आला. आणि गाढ भुलीतही कानाकडून मेंदूच्या बुंध्याकडे जाणारे संदेश बऱ्यापैकी शाबूत राहतात! श्रवणाच्या मज्जातंतूजवळची गाठ काढताना रुग्णाच्या कानात टकटक आवाज सोडतात आणि त्याला मेंदूकडून येणारा विद्युत प्रतिसाद सतत तपासतात. इतर इंद्रियांचे जाऊ द्या, निदान कानाला तरी बधिर म्हणायला नको होते.

'खोली' इंग्रजीतून उचललेली आहे. मराठीत झोप गाढ असते, तशी भूलही गाढ किंवा हलकी.

आता 'भूल'. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'भ्रंश्' या धातूच्या जागी येणारे धातू एका सूत्रात दिले आहेत: फिड, फिट्ट, फुड, फुट्ट, चुक्क, भुल्ल. शेवटचे दोन पुन्हा वाचा. चुक्क आणि भुल्ल, शेजारी शेजारी! हिशेबाच्या तळाशी 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहिणाऱ्याला कल्पनाही नसते की ही जोडी सूत्रात केव्हाच बसलेली आहे. भ्रंश म्हणजे जागेवरून ढळणे, निसटणे. 'भूल हा भ्रमाचा अपभ्रंश' असे ठासून सांगणाऱ्या पंडितांनी 'म'चा 'ल्ल' कुठल्या नियमाने झाला ते एकदा दाखवावे. भुल्ल हा भ्रंशाचा झिजलेला अवतार आहे, असेही सूत्र म्हणत नाही. त्या अर्थी तो वापरतात, एवढेच सांगते. मला तो अस्सल देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेला, धातू वाटतो.

माझा तर्क पुढे जातो. वैद्यकातली भूल ही 'भूल घालणे', 'रानभूल पडणे' यांतलीच असणार. औषध द्यायचे असते म्हणून तिला 'देणे' चिकटले. नाव मात्र नेमके पडले. 1846 मध्ये भुलीसाठी ईथरचा जाहीर प्रयोग झाल्यावर अमेरिकन डॉक्टर होम्स यांनी 'अनेस्थेशिया' हा शब्द सुचवला. त्याचा अर्थ संवेदना नसणे, बस्स. आपल्या भुलीत विसरही आहे. 1977 मध्ये भूलतज्ज्ञ टन्स्टॉल यांनी मांडलेली युक्ती पाहा: स्नायू शिथिल करणारे औषध देण्यापूर्वी एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे औषध त्या हातात पोचत नाही, मग भुलीतल्या रुग्णाला सांगायचे, हात दाबा. काही जण दाबतात! आणि जागे झाल्यावर त्यांतल्या बहुतेकांना त्याची आठवणही नसते. ते ना बधिर होते, ना पुरते बेशुद्ध. पण भुललेले नक्की होते. 'संज्ञाहरण' (संज्ञा म्हणजे शुद्ध) म्हणा असा आग्रह धरणाऱ्यांना विचारावेसे वाटते: इथे संज्ञा हरण झाली की आठवण?

हां, यंत्र. कपाळावर पट्टी चिकटवून मेंदूच्या विद्युत लहरी टिपतात आणि बायस्पेक्ट्रल इंडेक्स नावाचा 0 ते 100 मधला आकडा काढतात; भूल जितकी गाढ, तितका तो कमी. शस्त्रक्रियेत तो साधारण 40 ते 60 च्या दरम्यान राखतात. पण केटामाइन हे भुलीचे औषध दिले तर माणूस भुलीखाली असूनही आकडा उतरत नाही, कधी चढतोही. म्हणून भूलतज्ज्ञ नाडी, रक्तदाब, औषधाची मात्रा हे सगळे सोबत पाहतो. यंत्र मोजते लहरी. भूल किती गाढ आहे ते तो ठरवतो. तेव्हा 'पातळी' खुशाल लिहा, 'आकडा 50 होता' असेही लिहा, पण 'भूल 50 टक्के होती' हे कृपया नको.