आई रोज तेच गाणं लावून रडतात, काढून टाकू का?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली एक सून सासूबाईंना घेऊन आली होती. सासऱ्यांना जाऊन चार महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आत येताच हळूच म्हणाली, "रोज दुपारी बाबांचं तेच गाणं लावतात आणि रडतात. मोबाइलमधून काढून टाकू का?"

हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. कुणाच्या घरी ते भजन असतं, कुणाच्या घरी जुनं सिनेमाचं गाणं.

सासरे बँकेत होते, पण तरुणपणी ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले. १९१८ सालची ही संस्था. इथल्या कितीतरी मराठी घरांत तिथला एखादा विद्यार्थी सापडतोच. गुरुपौर्णिमेला घरीच गायलेला त्यांचा विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं रागगायन, नातवाने मोबाइलवर टिपून ठेवला होता. २५ मिनिटांचा.

मी काकूंना म्हटलं, "इथेच लावा. मलाही ऐकायचंय."

आलापीतच त्यांचे डोळे भरले. पदर तोंडाशी गेला. माझी नजर मात्र त्यांच्या उजव्या हातावर खिळली. मांडीवर बोटं तिलवाडा मोजत होती. १६ मात्रांचा हा ताल, ग्वाल्हेर घराण्याच्या विलंबित ख्यालांचा जुना सोबती. मध्ये हुंदका आला, श्वास अडकला, तरी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, तळहात अचूक पडला. प्रत्येक आवर्तनाला.

घरच्यांना डोळ्यांतलं पाणी दिसतं, हा हात दिसत नाही. रात्री अंथरुणात दाटून येणाऱ्या दुःखाला ना आरंभ असतो ना शेवट. बंदिशीत तेच दुःख फिरून समेवर येतं आणि गाणं संपतं. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनींनी शोकाला करुण रसाचा स्थायी भाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, म्हटलं, पण रस, म्हणजे कलेतून येणारा आस्वाद, आणि शोक एक मानले नाहीत. त्या दुपारी हा फरक माझ्यासमोर बसला होता.

गाणं संपल्यावर काय करतात, झोप कशी, जेवण कसं, हे मी सुनेला विचारलं. तोंड धुतात, चहा मागतात, संध्याकाळी देवळात जातात. मग काकूंनाच सरळ विचारलं, "जगणं नको असं वाटतं का?"

"नाही हो. त्यांचा तंबोरा मग कोण पुसणार?"

उत्तर वेगळं आलं असतं, अन्न तुटलं असतं, माणसं नकोशी झाली असती, तर मी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही लांबलेल्या शोकाचं निदान किमान ६ महिन्यांनंतरच करतात, आणि तेही रोजचं जगणं विस्कटलं असेल तर. नुसत्या रडण्यावरून नाही.

सुनेला एवढंच सांगितलं, की गाणं काढू नका. जमलं तर शेजारी बसा.

महिन्याने तिचा फोन आला. "पूर्वी त्या रडायला लागल्या की मी घाबरून लगेच चहा पुढे करायचे. आता बसते त्यांच्याजवळ. शेवटची जलद लयीतली बंदिश, द्रुत, सुरू झाली की उठून आधण ठेवते."