घरी बनवलेलं सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन) स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारी मोटर, चालू केला की मध्येच थांबतं, स्टेपही (मोटरीचे मोजून टाकलेले टप्पे) चुकतात. दोष अर्थिंगचा की मोटर ट्युनिंगचा (वेग-अ‍ॅक्सिलरेशनच्या सेटिंगचा)?

आधी एकच फाइल तीनदा चालवा: स्पिंडल बंद ठेवून हवेत, मग स्पिंडल चालू करून हवेत, मग लाकडात. पहिल्या वेळीच माप चुकलं तर ट्युनिंग किंवा मेकॅनिकल दोष. दुसऱ्या वेळी चुकलं तर नॉइज, म्हणजे सिग्नलच्या वायरीत शिरणारा विजेचा गोंधळ. फक्त लाकडात चुकलं तर फीड (कापताना सरकण्याचा वेग), टूल किंवा मोटरची ताकद. हे केल्याशिवाय मोटरीला हात लावू नका. आमच्या घरात हे न करताच मोटरी बदलल्या गेल्या, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

इचलकरंजीत आमची यंत्रमागाची शेड आहे. २०१८ ला माग विकले आणि अर्ध्या शेडमध्ये मी राउटर बांधला. अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल, १६०५ बॉलस्क्रू (१६ मिलिमीटर जाड, एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवणारा), नेमा २३ स्टेपर मोटरी, त्या फिरवणारे डीएम ५४२ ड्रायव्हर, आर्डुइनो बोर्डावर जीआरबीएल (मशीन चालवणारा प्रोग्राम), दीड किलोवॅटचा वॉटरकूल्ड स्पिंडल आणि त्याचा व्हीएफडी (स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह). पहिलं मोठं काम देव्हाऱ्याचं आलं, सागवानी दारावर कमळाची नक्षी. तिसऱ्या पाकळीवर मशीन थांबलं आणि स्क्रीनवर अलार्म १, म्हणजे हार्ड लिमिट, टोकाचा स्विच दाबला गेल्याचा इशारा. गॅन्ट्री (स्पिंडल धरणारी आडवी कमान) टेबलाच्या मधोमध, स्विच हातभर लांब! झिरो घेऊन पुन्हा चालवलं. या वेळी थांबलं नाही, पण पाकळ्या एका बाजूला सरकत गेल्या आणि शेवटची चौकटीची रेघ कापून चार मिलिमीटर बाहेर आली. ती फळी वाया गेली. गिऱ्हाइकाची वास्तुशांत आठ दिवसांवर होती.

दादा म्हणाला, "मोटरीत दमच नाही." मी म्हटलं, फ्रेमला उलटा हात लावून बघ, झिणझिण्या येतात, आधी अर्थिंग बघू. त्यावर त्याचं उत्तर, "आपले चोवीस माग कधी अर्थिंगवाचून अडले का?"

अडले नाहीत, हे खरंच. मागाची इंडक्शन मोटर तीन फेजवर नुसती फिरते, तिला कुठलाही सिग्नल वाचायचा नसतो. इथे आर्डुइनो ड्रायव्हरला पाच व्होल्टच्या पल्स पाठवत असतो, लिमिट स्विचचा सिग्नल वाचत असतो आणि त्याच केबल चेनमधून व्हीएफडीची वायर जाते. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

दादाने कोल्हापूरहून दोन मोठ्या मोटरी आणल्या. मोठी मोटर, जास्त इंडक्टन्स (म्हणजे करंट चढायला उशीर) आणि सप्लाय तोच २४ व्होल्टचा. वेगात त्या लहान मोटरींपेक्षाही लवकर ढेपाळल्या.

मग दादाच्या ओळखीचा वायरमन आला आणि दहा मिनिटांत काम उरकून गेला. झिणझिण्या थांबल्या. घरात सगळे खूश. मला पटेना, कारण आधी न्यूट्रल आणि फ्रेममध्ये १०८ व्होल्ट दिसत होते. एसएमपीएसमधले (पॉवर सप्लायमधले) फिल्टर कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर बॉडी मधल्याच व्होल्टेजवर तरंगते, झिणझिण्या त्याच्या. ते व्होल्टेज गेलं कुठे? मीटर लावला, न्यूट्रल ते अर्थ ०.०. त्याच बोर्डावर इस्त्री लावली तरी ०.०. खरा अर्थ असेल तर लोडवर थोडं तरी व्होल्टेज दिसतंच. मेन बंद करून सॉकेट उघडला. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत दोन इंची लाल वायरचा तुकडा घातलेला होता.

वायरमनचं म्हणणं, "दोन्ही शेवटी जमिनीतच जातात ना." जात असतील, पण वाटेत न्यूट्रल तुटला तर तोच तुकडा २३० व्होल्ट फ्रेमवर आणून ठेवतो. त्या टेबलाभोवती दादाचा मुलगा अनवाणी खेळायचा. हे ज्याला किरकोळ वाटतं त्याने बोर्डाला हात लावू नये.

अर्थिंगच्या जुन्या खड्ड्याची वायर जमिनीलगत गंजून तुटली होती. मागच्या अंगणात नवा खड्डा घेतला, अडीच मीटरचा जीआय पाइप, कोळसा, मीठ. फ्रेमचा प्रश्न कायमचा मिटला. तरीही मशीन थांबायचं ते थांबतच होतं, आणि दादाला बोलायला तेवढं पुरलं.

इथेच बहुतेक जण चुकतात. खड्डा माणसाच्या जिवासाठी असतो. नॉइजचं काम वेगळं. व्हीएफडीच्या स्विचिंगमुळे जो करंट स्पिंडलच्या बॉडीवर गळतो, त्याला परत व्हीएफडीकडेच जायचं असतं. सरळ रस्ता दिला नाही तर तो गॅन्ट्रीतून, बेअरिंगमधून, लिमिट स्विचच्या वायरीतून जातो. माझ्या स्पिंडलच्या चार पिनी कनेक्टरमध्ये चौथी पिन आतून कशालाच जोडलेली नव्हती. स्वस्त स्पिंडलमध्ये हे सर्रास असतं. पिन आणि बॉडीमध्ये मीटरचा बीप वाजतो का बघा. नसेल वाजत तर टोपण उघडून बॉडीला वायर घ्या आणि ती केबलमधून थेट व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला न्या.

दुसरं, अ‍ॅनोडाइज्ड प्रोफाइलचा थर वीज वाहू देत नाही. बोल्ट घट्ट आहेत म्हणून गॅन्ट्री अर्थ झाली असं धरू नका. मी प्रत्येक तुकड्यावर थर खरवडून रिंग लग (वायरच्या टोकाची कडी) लावला आणि सगळ्या वायरी पॅनेलमधल्या एकाच तांब्याच्या पट्टीवर आणल्या, एकातून दुसरी अशी माळ केली नाही. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड (दाबल्यावरच सर्किट तुटणारे) केले, शिल्डेड केबल घेतली, शिल्ड फक्त पॅनेलच्या टोकाला जोडली, आणि स्पिंडलची केबल वेगळ्या बाजूने नेली. त्या दिवसानंतर अलार्म १ पुन्हा आला नाही. देव्हाऱ्याचं दार वास्तुशांतीच्या आदल्या रात्री दिलं.

ट्युनिंगचं थोडक्यात. १६०५ वर १/८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आठ भाग, एका फेऱ्याला १६००) असेल तर १६०० भागिले ५, म्हणजे ३२० स्टेप प्रति मिलिमीटर. मिनिटाला ५००० मिलिमीटर मागितलेत तर सेकंदाला २६ हजारांवर पल्स होतात. आर्डुइनो ऊनोवर जीआरबीएलची मर्यादा ३० हजारांच्या आसपास आहे, तिथपर्यंत जाऊच नका. अ‍ॅक्सिलरेशन (जीआरबीएलमध्ये एक्स अ‍ॅक्सिससाठी डॉलर १२० ही सेटिंग) ५० पासून वाढवत न्या, चुकायला लागलं की त्याच्या निम्म्यावर या. डायल गेज (बारीक सरकणं दाखवणारं काट्याचं मापक) शून्यावर लावून पन्नास फेऱ्या मारा, काटा परत शून्यावर यायला हवा. दिशा बदलताना दर वेळी ठरावीकच चूक होत असेल तर तो नॉइज नाही, पल्सची कड उलटी असू शकते, डॉलर २ ही सेटिंग बदलून बघा.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. अर्थिंग झाल्यावरही माझ्या वाय अ‍ॅक्सिसच्या स्टेप जात होत्या. अ‍ॅक्सिलरेशन मी ५०० ठेवलं होतं, ते १५० केलं आणि सप्लाय ३६ व्होल्टचा घेतला. तेवढा दोष ट्युनिंगचा होता, पण मोटरी जुन्याच, लहानच. व्हीएफडी उघडायचा असेल तर मेन बंद करून दहा मिनिटं थांबा, आत चार्ज राहतो. व्हीएफडीमुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) कधीकधी पडतो. पडतो म्हणून आरसीसीबी काढू नका, आणि अर्थची वायर तर मुळीच सोडू नका. खड्ड्याचं आणि बोर्डाचं काम परवानाधारक माणसाकडूनच करा, पण तो गेल्यावर इस्त्री लावून मीटर स्वतः बघा.

दादाने आणलेल्या दोन मोटरी फळीवर तशाच आहेत. त्याने एकदा शेडमध्ये येऊन स्पिंडल चालू करावा आणि स्क्रीनकडे बघावं. मी शेजारी उभा राहीन.