जूनटीन्थ तुझ्या परसात

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. सासरच्या वीसेक माणसांचा जूनटीन्थ, म्हणजे १९ जूनचा अमेरिकेतल्या गुलाममुक्तीचा सण, यंदा ह्यूस्टनला तुझ्या घरी आहे, तर आधी वाचनाचं ठरव, मग जेवणाचं. जेवणानंतर माणसं पांगतात, पोरं पेंगतात आणि वाचन राहूनच जातं.

वाचायचा तो यादवी युद्ध जिंकलेल्या उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल ग्रेंजरचा ३ क्रमांकाचा हुकूम. १९ जून १८६५ ला टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनमध्ये काढलेला, जेमतेम मिनिटाभराचा. पूर्ण वाच. ‘सर्व गुलाम मुक्त आहेत’ इथे थांबायचा मोह होतो. पण शेवटच्या ओळींत त्याच माणसांना मुकाट्याने आहात तिथेच राहा, मजुरीवर काम करा, असं बजावलंय आणि आळशीपणा पोसला जाणार नाही असंही सुनावलंय. हे मुलांच्या कानावर पडायलाच हवं. ‘बातमी उशिरा पोचली’ एवढंच सांगून सोडू नकोस. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. टेक्सासच्या मालकांना तो ठाऊक होता, तो अमलात आणणारं सैन्य तेवढं तिथे नव्हतं. आणि साऱ्या देशातली गुलामगिरी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. वाचन घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाकडे दे, मोठ्या अक्षरांत छापून.

आता ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, धुरावर मंद आचेत शिजवलेलं. गोमांस हाताळणं तुला जमणार नसेल तर आधीच मोकळेपणाने सांग आणि ते काम दिराकडे किंवा मामेसासऱ्यांकडे सोपव. कुणी वाईट वाटून घेणार नाही. वेळेचं गणित मात्र तुलाच ठाऊक हवं, कारण सगळा दिवस त्यावर बेतायचा. पाच-सहा किलोचे दोन तुकडे लागतील. चरबी छाटून आणि शिजून वजन जवळजवळ निम्मं होतं. वर पाव इंच चरबी राहू दे. मीठ आणि जाडसर मिरपूड चोळून रात्री नऊला स्मोकरमध्ये १२० अंश सेल्सिअसला चढव, लाकूड ओकचं. मांसाचं आतलं तापमान ७० च्या आसपास गेलं की काटा तासन्‌तास अडतो. तिथे बहुतेक जण घाबरून आच वाढवतात आणि मांस कोरडं करून बसतात. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होताना उष्णता खाऊन टाकतं, एवढंच ते असतं. त्या वेळी बुचर पेपरमध्ये (मांस गुंडाळायच्या जाड कागदात) घट्ट गुंडाळ. ९५ च्या आसपास सळई लोण्यात शिरावी तशी शिरली की उतरव आणि निदान तासभर झाकून ठेव. दुपारी दोनच्या जेवणाला हे सगळं आरामात बसतं.

लाल रंग या सणाचाच: सांडलेल्या रक्ताची आठवण, असं घरोघरी सांगतात. कलिंगड आणि लाल सोडा तर येईलच, पण खरं पेय म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं, आपल्याकडे विदर्भात ज्याचं सरबत करतात तेच. ही अंबाडी आणि शेजारच्या पातेल्यातली चवळी, दोन्ही आफ्रिकेतून आलेली. आठ लिटरला दोनशे ग्रॅम सुकी बोंडं घे. चार लिटर पाणी उकळून गॅस बंद कर, बोंडं आणि ठेचलेलं आलं घाल, वीस मिनिटांनी गाळ. बोंडं उकळत ठेवलीस तर तुरट होतं. गरम असतानाच आठशे ग्रॅम साखर विरघळव, बाकीचं पाणी थंड घाल. भांडं स्टीलचं, आंबट पेय ॲल्युमिनियमला खातं.

बाकी पदार्थ वाटून दे. १८७२ मध्ये ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय समाजाने वर्गणी काढून या सणासाठीच जागा विकत घेतली, तेच आजचं इमॅन्सिपेशन पार्क. त्या शहरात यजमानाने सगळं एकट्याने करणं मला पटत नाही. फक्त कोण काय आणणार ते लिहून ठेव, नाहीतर बटाट्याची सॅलड चार येतात आणि कोलार्डची पालेभाजी एकही नाही. ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर मेयोनेजचं काहीही बाहेर तासाभरापेक्षा जास्त नको. वाडगा बर्फात ठेव. बर्फ माणशी किलोभर धर.

ब्रिस्केट तंतूंच्या आडवं काप, आणि ताटात जाईल तेवढंच. कापून ठेवलेलं दहा मिनिटांत सुकतं. न कापलेला तुकडा संध्याकाळी उशिरा येणाऱ्यांनाही मऊ मिळतो.