आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), मुंबईचं नाव महाराष्ट्राबाहेर इतकं कमी का ऐकू येतं?

नाव कुठे आणि कोणाला विचारताय, त्यावर आहे. १९३३ मध्ये सुरू झालेली माटुंग्याची ही संस्था जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'यूडीसीटी' या जुन्या नावानंच आहे. गुजरातच्या वापी-अंकलेश्वर केमिकल पट्ट्यात नुसतं यूडीसीटी म्हटलं तरी समोरचा खुर्ची पुढे करतो. मुकेश अंबानी याच संस्थेत शिकले. पण माझ्या दिल्लीच्या रूममेटनं 'आयसीटी' ऐकून विचारलं, "कॉम्प्युटरचं कॉलेज का?" त्याचं तरी काय चुकलं? उत्तरेकडची मुलं आयआयटी-एनआयटीची यादी घेऊन बसतात, आणि इथल्या बहुतेक जागा महाराष्ट्राच्या सीईटीतून भरतात. नागपुरात तर केमिकलसाठी घरची एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) आहे, १९४२ची. तिथले लोक आधी तिचंच नाव घेणार. केमिकलच करायचं असेल तर दिल्लीकरांच्या मताकडे लक्ष देऊ नका.